नववी ते बारावीचा डिजिटल पोर्टफोलिओ : शाळेने सुरुवात कुठून करावी

दहावीची गुणपत्रिका विद्यार्थ्याला विज्ञानात किती गुण मिळाले हे सांगते. विज्ञान वापरून त्याने काय केले हे ती सांगत नाही आणि ते तिचे कामही नाही. माध्यमिक शाळेत मुले बरेच काही करत असतात. विज्ञान प्रदर्शनासाठी प्रतिकृती बनवतात, राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी गावातल्या पाण्याची पाहणी करतात, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या नववीच्या गटात कृती संशोधन प्रकल्प लिहितात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी चित्रे काढतात, स्नेहसंमेलनाचे नेपथ्य उभे करतात. यांतले बहुतेक काम शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत नाहीसे होते. प्रतिकृती मोडीत जाते, प्रकल्पवही शाळेच्या कपाटात पडून राहते आणि मुलाच्या हाती सहभागाचे प्रमाणपत्र तेवढे उरते. डिजिटल पोर्टफोलिओ म्हणजे या कामातून विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला, स्वतःच्या शब्दांत समजावून सांगितलेला आणि पुढच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कोणालाही दाखवता येईल असा संग्रह.

यातली निवड आणि त्यामागचे स्पष्टीकरण वगळले, तर फोटोंनी भरलेला एक फोल्डर उरतो आणि तो पाहण्याइतका वेळ कोणाहीकडे नसतो. पोर्टफोलिओ सुरू करू पाहणाऱ्या शाळेत पहिला प्रश्न बहुधा ॲप कोणते घ्यायचे हा येतो. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न असायला हवा. मुलाने आपल्या कामाकडे परत वळून पाहावे, त्यातले काय ठेवायचे ते ठरवावे आणि शिक्षकांनी त्याबद्दल त्याला दोन प्रश्न विचारावेत, यासाठी वेळापत्रकात जागा आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे. ती जागा नसेल तर महागातले महाग सॉफ्टवेअरही केवळ साठवणीची खोली होऊन बसते.

पालकांच्या मनात येथे एक गोंधळ होण्याची शक्यता आहे, तो आधी दूर करायला हवा. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये आपली गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे अधिकृत स्वरूपात मिळतात. 'अपार' हा विद्यार्थ्याचा १२ अंकी ओळख क्रमांक असून त्याच्या शैक्षणिक नोंदी एका ठिकाणी जोडल्या जाव्यात यासाठी तो आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधून पुढे आलेले समग्र प्रगती पत्रक एक पाऊल पुढे जाते. त्यात शिक्षकांबरोबर विद्यार्थी स्वतः, त्याचे सहाध्यायी आणि पालक यांच्या नोंदींनाही जागा आहे. या तिन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण त्यांची मांडणी संस्था ठरवते. पोर्टफोलिओची मांडणी विद्यार्थी ठरवतो. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका संस्थेच्या खात्रीने बोलते, तर पोर्टफोलिओतले काम पाहणाऱ्याने स्वतः तपासून घ्यायचे असते. म्हणून दोन्ही लागतात आणि एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

एक नोंद जवळून पाहू

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत विज्ञान शिकण्याची जी पद्धत तेथे घडली, ती पुढे 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाने महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत पोचली. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या विभागांतली कामे मुले प्रत्यक्ष करतात आणि त्यांतली काही गावाच्या उपयोगाची असतात. अशाच एका शाळेतल्या नववीच्या गटाने हातपंपाजवळ साचणारे सांडपाणी मुरवण्यासाठी शोषखड्डा केला, असे समजू.

या कामाची नेहमीची नोंद म्हणजे एक फोटो: खड्ड्याभोवती उभी असलेली मुले, मागे फलक, शेजारी मुख्याध्यापक. त्यातून शोषखड्डा झाला एवढेच कळते. पोर्टफोलिओतली नोंद वेगळी दिसेल. तिच्यात आधी मोजमापांसह हाताने काढलेली आकृती असेल: एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. मग खर्चाचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी असतील. खाली मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर खडी असे थर भरतानाचे दोन-तीन फोटो असतील आणि शेवटी विद्यार्थिनीने लिहिलेला एक परिच्छेद असेल, साधारण असा:

"पहिल्या पावसानंतर खड्डा तुंबला. आम्हाला वाटले दगड कमी पडले. सरांनी वरची खडी काढायला लावली तेव्हा खाली सगळा गाळ बसलेला दिसला. पाण्याबरोबर येणारी माती आधीच अडवायला हवी होती. म्हणून खड्ड्याच्या अलीकडे एक छोटी गाळटाकी बांधली. शिवाय आमच्याकडे काळी माती आहे आणि तिच्यात पाणी हळू मुरते, हे आम्ही जागा निवडताना विचारातच घेतले नव्हते. परत करायचा झाला तर आधी एक छोटा खड्डा खणून, पाणी ओतून, ते मुरायला किती वेळ लागतो ते पाहीन."

या एका नोंदीत घनफळ, मातीचा गुणधर्म, अंदाजपत्रक, चूक शोधण्याची पद्धत आणि पुढच्या वेळी काय करायचे याचा विचार, एवढे सगळे आले आहे. स्थापत्य पदविकेचा प्राध्यापक, जलसंधारणावर काम करणारी संस्था किंवा शिकाऊ उमेदवार शोधणारा कंत्राटदार यांच्यापैकी कोणीही हा परिच्छेद वाचला, तर मुलीला विचारण्यासारखे प्रश्न त्यांना लगेच सुचतील. मुलाखत त्याच प्रश्नांवर उभी राहते. बिघाडाचा फोटो काढून टाकून फक्त यशाचा ठेवला असता, तर नोंद अधिक नीटनेटकी दिसली असती, पण तिच्यातून काहीच कळले नसते. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवून पाहण्याची छोटी कार्यशाळा. जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक पाबळलाच २००२ मध्ये उभी राहिली. त्या फॅब लॅबच्या जाळ्यातल्या फॅब ॲकॅडमी या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या संकेतस्थळावर दर आठवड्याच्या कामाची नोंद ठेवतो आणि फसलेले प्रयोगही तेथे लिहिणे अपेक्षित असते. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेतही प्रकल्पाबरोबर नोंदवही मागितली जाते. म्हणजे ही सवय आपल्याकडे अगदीच परकी नाही. ती थोड्या मुलांपुरती राहिली आहे, एवढेच.

गुण द्यायचे की नाही

पोर्टफोलिओची कल्पना चांगली वाटली की कोणीतरी हमखास म्हणते, त्याला गुण ठेवा म्हणजे मुले गांभीर्याने घेतील. या वाटेवर आधी चाललेल्यांचे अनुभव पाहण्यासारखे आहेत.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीच्या मुलांचे गणित व लेखन पोर्टफोलिओंवरून तपासायला सुरुवात केली. रँड या संशोधन संस्थेने त्याचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की एकाच पोर्टफोलिओला दोन परीक्षक देत असलेल्या गुणांत फारसा मेळ बसत नव्हता. शेजारच्या दोन मुलांनी मुळात वेगवेगळी कामे निवडलेली असताना ती एकाच मापाने मोजणे अवघडच असते. केंटकी राज्याने १९९०च्या शिक्षण सुधारणांनंतर लेखनाचे पोर्टफोलिओ थेट शाळांच्या गुणांकनाला जोडले. तसे जोडले की शिक्षकांवर ताण येतो, मुलांचे लेखन पुन्हा पुन्हा दुरुस्त होते आणि ते मुलाचे किती व शिक्षकाचे किती हे सांगणे कठीण होते. २००९ मध्ये कायद्यानेच ते पोर्टफोलिओ शाळांच्या गुणांकनातून बाहेर काढले गेले.

आपल्याकडे सीबीएसईने २०१९-२० पासून नववी-दहावीच्या २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात पोर्टफोलिओला ५ गुण ठेवले आहेत. हेतू चांगला होता, पण त्याआधी तेच ५ गुण वही पूर्ण ठेवण्यासाठी होते, त्यामुळे 'पोर्टफोलिओ' म्हणजे नीट कव्हर घातलेली वही असा अर्थ लागणे सोपे झाले. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा २०१० पासूनचा अनुभव आहे. आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदी प्रत्येक मुलासाठी वेगळ्या लिहिणे अपेक्षित होते, पण मोठ्या वर्गात ते झेपेना, तेव्हा विषयवार तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. यात शिक्षकांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. ज्या कामाला तास दिलेला नाही, ते काम कागदावरच होते.

याउलट न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधील सेंट्रल पार्क ईस्ट सेकंडरी स्कूल या शाळेने वेगळा मार्ग धरला. डेबोरा मायर यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या या शाळेत शाळा पूर्ण करण्यासाठी १४ विषयक्षेत्रांतले पोर्टफोलिओ लागत आणि त्यांपैकी ७ विद्यार्थ्याला एका समितीपुढे मांडून त्यांवरच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. समितीत शिक्षक असत, विद्यार्थ्याने निवडलेली एखादी प्रौढ व्यक्ती असे आणि दुसरा एक विद्यार्थीही असे. येथे शिक्का कागदाच्या गठ्ठ्यावर बसत नसे, तर आपले काम समोरच्याला पटवून देण्याच्या क्षमतेवर बसत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून दोन मिनिटांत सुबक मनोगत लिहून घेता येण्याच्या आजच्या काळात ही पद्धत मला अधिकच मोलाची वाटते. गाळटाकी का बांधली, हे ज्याने ती बांधली तो अडखळत का होईना पण सांगतो. ज्याने फक्त मजकूर चिकटवला आहे तो पहिल्याच प्रतिप्रश्नाला थांबतो. तोंडी परीक्षा आपल्याला नवी नाही, प्रयोगवहीवरची तोंडी परीक्षा आपण सगळ्यांनी दिली आहे. तीच येथे मोकळ्या वातावरणात, गुणांशिवाय घ्यायची आहे.

हे कुठे वाचले जाते आणि कुठे नाही

याबाबतीत विद्यार्थ्यांशी प्रामाणिक राहायला हवे. महाराष्ट्रात अभियांत्रिकीसाठी सीईटी किंवा जेईई आणि वैद्यकीयसाठी नीट यांच्या गुणांवर प्रवेश ठरतो. पोर्टफोलिओ तेथे कोणी उघडत नाही. त्या वाटेने जाणाऱ्या बारावीच्या मुलाला परीक्षेच्या तोंडावर पोर्टफोलिओ सजवायला बसवणे हे त्याचे नुकसान आहे. डिझाइनच्या क्षेत्रातही पदवीच्या नामवंत सरकारी संस्थांत पहिली चाळणी प्रवेश परीक्षेनेच होते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत मात्र पोर्टफोलिओ पाहिला जातो. निबंध आणि मुलाखत घेणाऱ्या काही खासगी विद्यापीठांत त्याचा उपयोग अर्जाची सामग्री म्हणून होतो.

परदेशी विद्यापीठांत चित्र वेगळे आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करण्याची सोय देणाऱ्या कॉमन ॲपमध्ये विद्यार्थ्याला जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनासाठी जेमतेम १५० अक्षरांची जागा असते. चार वर्षांच्या कामातून दहा गोष्टी निवडणे आणि प्रत्येकीचे सार दीड-दोन ओळींत सांगणे, हे ज्याने नववीपासून निवड करण्याचा सराव केला आहे त्याला जमते. बाकीच्यांची अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी तर अर्जाबरोबर स्वतः बनवलेल्या वस्तूंचा पोर्टफोलिओ जोडण्याची मुभा देते.

सर्वांत दुर्लक्षित उपयोग आहे तो बारावीनंतर किंवा त्याआधीच कामाला लागणाऱ्या मुलांचा. आयटीआय करून शिकाऊ उमेदवारी शोधणारा मुलगा, शिवणकामाचा व्यवसाय सुरू करू पाहणारी मुलगी, लग्नसमारंभाचे छायाचित्रण करू पाहणारा तरुण यांच्याकडे दाखवायला गुणपत्रिकेपेक्षा कामच अधिक असते. वेल्डिंगच्या सांध्याचा जवळून काढलेला फोटो आणि तो कोणत्या जाडीच्या पट्टीवर, कसा केला याची दोन वाक्ये वर्कशॉपच्या मालकाला नेमके हवे ते सांगतात. करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत हा गट बहुधा शेवटच्या बाकावर असतो, पण पोर्टफोलिओचा खरा फायदा त्यालाच आहे असे माझे मत आहे.

शाळेच्या हातात काय आहे

आधी वेळेचा हिशेब मांडू. वर्गात ६० मुले आहेत आणि प्रत्येकाशी त्याच्या पोर्टफोलिओबद्दल १० मिनिटे बोलायचे ठरवले, तर ६०० मिनिटे म्हणजे १० तास होतात. दर महिन्याला हे शक्य नाही. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीआधी आणि फेब्रुवारीत, ते वेगवेगळ्या विषयांच्या शिक्षकांत वाटून घेतले तर शक्य आहे: पाच शिक्षकांनी प्रत्येकी बारा मुले घेतली की एकेकाच्या वाट्याला एका फेरीत दोन तास येतात. मधल्या काळात मुलांनीच जोड्यांनी एकमेकांच्या नोंदी वाचाव्यात आणि जे कळले नाही ते विचारावे. प्रत्येक सत्रात तीनच नोंदी ठेवण्याची मर्यादा घालावी. मर्यादा घातली की निवड करावीच लागते. वर्षाच्या सहा धरल्या तर चार वर्षांत चोवीस होतात आणि बारावीत त्यांतल्या सहा-आठच पुढे न्यायच्या असतात.

साधन साधेच असावे. गूगल ड्राइव्हवरचा एक फोल्डर आणि गूगल साइट्सवरचे एक पान एवढ्यावर काम भागते आणि ते मोबाइलवरूनही पाहता येते. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो संध्याकाळी वडिलांबरोबर येतो, त्या मुलासाठी शाळेतला संगणक कक्ष आठवड्यातून एकदा उघडा ठेवणे कोणत्याही ॲपपेक्षा महत्त्वाचे आहे. लिहायला संकोचणाऱ्या मुलाने दोन मिनिटे बोलून ध्वनिमुद्रण करावे. मराठी माध्यमाच्या मुलाने विचार मराठीतच मांडावा. अर्जासाठी इंग्रजी लागलेच तर निवडलेल्या नोंदींचे नंतर भाषांतर करता येते. सुरुवातीलाच इंग्रजीची अट घातली की मुले स्वतःचे सांगणे सोडून पाठ केलेली वाक्ये लिहू लागतात. फाइलींना नावे देण्याची शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून हवी. फोनने आपोआप दिलेल्या आकड्यांच्या नावाची फाइल दोन वर्षांनी कोणालाच ओळखता येत नाही. तीच 'नववी-शोषखड्डा-गाळटाकी' या नावाने ठेवली तर लगेच सापडते.

गोपनीयतेचा भाग घाईने उरकण्यासारखा नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची वैयक्तिक माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. नववी ते बारावीची जवळजवळ सगळी मुले यात येतात. त्यामुळे पोर्टफोलिओ सर्वांसाठी खुला न ठेवता ज्याला दुवा दिला आहे त्यालाच दिसेल असा ठेवावा, त्यावर पत्ता, फोन क्रमांक किंवा आधार क्रमांक नसावा आणि गटाच्या फोटोत दुसऱ्या मुलांचे चेहरे असतील तर त्यांच्याही घरी विचारावे. कामाचा फोटो बहुतेक वेळा चेहऱ्याशिवायच अधिक चांगला येतो. पालकांकडून सही घेताना छापील अर्ज पुढे करण्याऐवजी पालकसभेत एखादा नमुना पोर्टफोलिओ पडद्यावर दाखवावा, म्हणजे ते कशाला संमती देत आहेत हे त्यांना कळेल.

राहिला मालकीचा प्रश्न आणि महाराष्ट्रात तो विशेष महत्त्वाचा आहे. शैक्षणिक धोरण नववी ते बारावी हा एकच टप्पा मानते, पण आपल्याकडे दहावीनंतर बहुतेक मुलांची शाळा सुटते आणि अकरावीची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया त्यांना वेगळ्याच कनिष्ठ महाविद्यालयात नेते. पोर्टफोलिओ शाळेच्या खात्यावर असेल तर शाळा ते खाते बंद करते तेव्हा दोन वर्षांचे काम त्याबरोबर जाते. सेवा पुरवणाऱ्या कंपन्याही आपली उत्पादने बंद करतात. गूगलने साइट्सची जुनी आवृत्ती बंद केली तेव्हा जी पाने वेळेत नव्या आवृत्तीत नेली नव्हती ती वाचकांना दिसेनाशी झाली. म्हणून दहावीची परीक्षा संपल्यावर, शाळा सोडल्याचा दाखला देतानाच, प्रत्येक मुलाचे काम त्याच्या स्वतःच्या खात्यात हलवून द्यावे आणि एक प्रत पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर किंवा पालकांच्या फोनवर द्यावी. हे काम लिपिकांच्या दाखल्याच्या यादीत एक रकाना म्हणून घातले, तर ते विसरले जाणार नाही. कनिष्ठ महाविद्यालयानेही अकरावीच्या पहिल्या महिन्यात वर्गशिक्षकांमार्फत ही संचिका मागून घ्यावी आणि मुलाने तेथून पुढे नोंदी जोडाव्यात. ती मागणारे कोणी आहे हे कळले, की नववीतल्या मुलांना पहिली नोंद नीट लिहावीशी वाटेल.